पाण्याकाठचे सात दगड

माझं तोंड मुळातच कारलं चघळल्यासारखं आहे. हे मी नाही म्हणत, आमचं अख्खं गाव म्हणतं. लग्नाच्या पंगतीत बसलो की वाढपी हटकून विचारतो, "का हो हवालदार, भात आंबला का?" भात चांगला असतो. पण शेजारचा माणूस जेवता जेवता पानाशेजारीच खाकरून थुंकतो, समोरचा ताटातच हात धुतो आणि जेवणं उरकली की सगळी मंडळी प्लॅस्टिकचे ग्लास मांडवामागं भिरकावतात, ते मला दिसत असतं. मला किळस येते. येते म्हणजे पोटातून वर चढते आणि तोंडावर येऊन बसते, मग हलत नाही. ऐन उमेदीची वर्षं फौजेत गेली. तिथं झाडाच्या बुंध्यालासुद्धा गेरू-चुना लावायचा आणि वाळलेलं पान दिसलं तर वाकून उचलायचं. पेन्शन घेऊन श्रीगोंद्याकडं शेतीवर परत आलो, तर इथं सगळा उलटा कारभार.

आमच्या ओढ्याचंच घ्या. लहानपणी त्यात वाळू होती. आम्ही पोरं हातानं झरा उकरायचो आणि ओंजळीनं पाणी प्यायचो. ती वाळू टेम्पोत बसून केव्हाच पुण्याला गेली. आता तिथं काय आहे म्हणाल तर लेकरांचे डायपर, कोंबड्यांची पिसं, दाढीची पाती, दहाव्याला उतरवलेल्या केसांचे पुंजके आणि गाद्या. माणूस गेला की त्याची गादी ओढ्यात टाकायची हा आमच्याकडचा रिवाज. पाणी वाहतं असतं तर गोष्ट वेगळी. आता ती गादी बाभळीच्या मुळीला अडकते, भिजून फुगते, आणि गेलेल्या माणसाची आठवण वाऱ्याबरोबर सगळ्या आळीला येत राहते. गेल्या वर्षी एक गादी अशी दोन महिने फुगून पडली होती. रानात जाताना रोज ती दिसायची आणि रोज माझं तोंड वाकडं व्हायचं. मंडळी, म्हणजे माझी बायको, बरोबर असायची. ती म्हणायची, "बघू नका ना मग तिकडं." न बघून कसं चालेल? वास काय डोळ्यांनी येतो?

हे सगळं पुराण एवढ्यासाठी की त्याच वर्षी आमच्या मंडळींना चालायला जागा हवी झाली आणि गावात ती मिळेना.

कांद्याची काढणी चालली होती. सकाळी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात परातीतच राहिला. तिनं मला हाक मारली, तर 'अहो'चं नुसतंच 'ओ' झालं. पिकअपमध्ये घालून नगरला नेलं. जीव वाचला. बोलणं हळूहळू माघारी आलं, हातही पाण्याचा तांब्या धरण्यापुरता उठायला लागला. अडलं ते उजव्या पायाशी. पाय फरपटायचा, अंगठा आत वळून जमिनीला घासायचा. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं नाही, तिच्यासमोरच सांगितलं, "यांना रोज चालवा. अनवाणी, मऊ जमिनीवर चालवा. आता बसून राहिल्या तर कायमच्या बसतील." तिनं माझ्याकडं बघितलं. ही बाई डोक्यावर पाटी आणि कडेवर पोर घेऊन बांध ओलांडायची. कायमचं बसणं तिला कसं परवडणार होतं?

पण चालवायचं कुठं? घरात शहाबादी फरशी, त्यावर ती एकदा आपटली. गल्लीत काढली तर ओट्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या. "बाई गं, कशी हुतीस आन् कशी झालीस!" एक तर सरळ म्हणाली, "आता काय, द्येवाचं नाव घ्यायचं." उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यांच्या पिंकांनी रंगलेला रस्ता, कडेची उघडी गटारं, आणि त्यातून पाय ओढत चाललेली माझी बायको. तिसऱ्या दिवशी ती घरात आली आणि म्हणाली, "मी न्हाई जायची परत भायेर." खाटेवर बसली ती बसलीच.

महिन्यातून एकदा मी नगरला मिलिटरी कॅन्टीनमध्ये जातो. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, आमच्या जिभेवर नगरच. तिथून साबण, तेल आणि बाटल्यांचा कोटा घ्यायचा. बाटल्या कुणासाठी ते मी सांगत नाही, नातेवाइकांना बरोबर कळतं. तर त्या महिन्यात रांगेत उभा असताना मला एकाएकी बीच आठवला.

हसू नका. नगरला समुद्र नाही हे मलाही ठाऊक आहे. पण लष्करी हद्दीत, चांदमारीच्या, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या, मैदानाच्या अलीकडं, बाभळींच्या आड एक तलाव आहे. फार पूर्वी कुण्या साहेबानं बोटींच्या सरावासाठी त्याच्या एका काठाला ट्रकच्या ट्रक वाळू आणून ओतली. जवान त्याला बीच म्हणतात. बाहेरच्या माणसाला तो आहे हेच माहीत नाही. नोकरीची शेवटची वर्षं मी तिथंच काढली होती. मऊ वाळू, गुडघ्याएवढं पाणी, बघायला येणारं कुणी नाही. अजून काय पाहिजे?

तिथले आताचे सुभेदार साहेब राजूरकडचे. रंगरूट म्हणून भरती झाले तेव्हा कवायत त्यांनी माझ्याकडं शिकली, म्हणून अजूनही मला उस्ताद म्हणतात. मी त्यांच्या ऑफिसात गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वरती विचारून घेतो. दर मंगळवारी सकाळी या, तुम्ही आणि वहिनी. कॅन्टीनचं कार्ड दाखवायचं, मोबाईल फाटकावर ठेवायचा. आणि उस्ताद, तुम्हाला सांगायला नको, पण मागं काही राहता कामा नये. मोठ्या साहेबांना कागदाचा कपटा जरी दिसला तरी फाटक बंद होईल. मग मी हात जोडून काही उपयोग नाही."

"माझ्या हातून कपटा?" मी म्हणालो. मला रागच आला. ते हसले.

पहिल्या मंगळवारी तिला उतरवलं तेव्हा टिटवी ओरडत होती, बाकी आवाज नव्हता. वाळू झाडून घेतल्यासारखी. पाणी स्वच्छ, तळ दिसत होता. मला सांगायला लाज वाटत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत प्रथमच एका जागी उभा राहिलो आणि नाकाला काही झोंबलं नाही. काठाला पाण्यालगत सात दगड एका ओळीत मांडलेले, चुन्यानं पांढरेशुभ्र. मी तिला समजावून सांगितलं, "हे हद्दीचे दगड. यांच्यापर्यंत पाणी उथळ. शेवटचा दगड तिकडं बाभळीच्या वळणाआड आहे, त्याच्या पलीकडं एकदम खोल. नव्या पोरांना कळावं म्हणून ठेवलेत." तिनं मान हलवली.

मग आमची कवायत सुरू झाली. तिचा हात माझ्या खांद्यावर, माझा हात तिच्या कमरेला, दोघं पोटरीएवढ्या पाण्यात. "डावा... उजवा. उचल. उचल म्हणतो ना! घासू नको, उचल!" ती घामाघूम व्हायची. पाय वाळूत रेघ ओढत यायचा आणि माझा जीव खालीवर व्हायचा. एकदा ती तिथंच थांबली. "मी काय तुमची पलटन हाय का? आन् तोंड बघा कसं केलंय!"

"तोंड आहे ते आहे," मी म्हणालो. "तू पाय बघ."

कितीक मंगळवार गेले. माझा खांदा धरून ती दुसऱ्या दगडापर्यंत यायची, आणि खांदा सोडवला की चार पावलांत पाय अडकायचा. दमली की मी तिला पहिल्या दगडाजवळ घडीच्या खुर्चीवर बसवायचो आणि फाटकाजवळच्या खोलीत सुभेदार साहेबांबरोबर चहा घ्यायला जायचो. मचाणावरून पहाऱ्याचा संत्री बघत असायचा. माघारी यायचो तर ती खुर्चीतच, लुगड्याचा काठ ओला. मला वाटायचं, पाण्यात पाय सोडून बसली असेल. घरी येताना ती गाडीत गाणं गुणगुणायची. मी मनातून खचत चाललो होतो आणि ही गाणं म्हणत होती.

अशात कोल्हारची आक्का भावजयीला बघायला आली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्यापासून काही लपत नाही. मंगळवारी कुठं जाता हे तिनं बरोबर काढून घेतलं. "बायकूला न्हेतोस आन् भनीला न्हाई व्हय? आमी काय घान करनार हाय का तुझ्या मिल्ट्रीत?"

मी नाही म्हणालो, पुन्हा नाही म्हणालो, आणि शेवटी सुभेदार साहेबांना फोन केला. बहिणीपुढं कुणाचं चाललंय? ते म्हणाले, "एकदाच, उस्ताद."

आक्का आणि दाजी आले. दाजी गाडीतून उतरले, तळहातावर तंबाखू मळली, गालात सारली, त्या पांढऱ्या वाळूकडं डोळे भरून बघितलं आणि पचकन थुंकले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दाजी!" मी ओरडलो. "वाळूच तर हाय," ते म्हणाले. मी खाली बसलो, ती थुंकी वाळूसकट दोन्ही हातांनी पिशवीत भरली. दाजी बघत राहिले. त्यांना खरंच कळेना की या माणसाला झालंय काय.

तेवढ्यात वळणाआडून आक्काची हाक आली. "अगं बया बया! साती आसरा हायत की हितं!"

आमच्याकडं पाण्याकाठी सात दगड ओळीनं दिसले की बाईमाणूस आधी पायताण काढतं. साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी. विहिरीवर, डोहावर, बंधाऱ्यावर त्या असतातच. त्या कोपल्या तर माणूस धरतात आणि प्रसन्न झाल्या तर सोडतात. मी पळत गेलो. आक्का शेवटच्या दगडासमोर हात जोडून उभी होती. आणि त्या पांढऱ्या दगडावर, मधोमध, कुंकवाचं एक बोट उमटलेलं होतं.

"कुणीतरी आधीच पुजल्यात," आक्का म्हणाली.

"आक्का, हे हद्दीचे दगड आहेत. फौजेचे. जवानांनी मांडलेत."

"मग फौजंला कुनी सांगितलं सातच मांडाय? सा न्हाई, आठ न्हाई?"

मी उगाच दगड पुन्हा मोजले. आक्काला आता सगळंच कळलं होतं. "हिला आसराच लागल्या असनार! अर्ध्या अंगावरनं वारं ग्येलं ते काय उगं न्हाई." तिच्या पिशवीत हळदीकुंकू कायमच. नारळ गाडीत होता, देवीला नेत होती म्हणे. तिनं सातही दगड मळवट भरल्यासारखे रंगवले, खण ठेवला, हिरव्या बांगड्या ठेवल्या. मी मंडळीकडं बघितलं. ती मान खाली घालून खुर्चीत बसली होती. मला वाटलं, नणंदेची लाज वाटत असेल. आक्का-दाजी गाडीत बसल्यावर मी सगळं गोळा केलं, दगड घासून काढले. पण पहिलं बोट कुणाचं, हे डोक्यातून जाईना. फौजी वसाहतीतली कुणी बाई असेल, मी ठरवून टाकलं, आणि त्या न बघितलेल्या बाईला मनसोक्त शिव्या दिल्या.

आमच्या भागात आळीला एक पेन्शनर आहे आणि पेन्शनराला कार्ड आहे. आक्कानं माघारी जाताना आमच्या गावात दोन घरी चहा घेतला, एवढं पुरलं. पुढच्या मंगळवारी फाटकावर दोन गाड्या. "कॅन्टीनला आल्तो, जरा पाया पडून जातो." संत्रीही देवभोळा, त्यालाही आई आहे. मग चार गाड्या. मग वसाहतीतल्या बायकाही यायला लागल्या. कुणाला मूल होत नव्हतं, कुणाची बदली होत नव्हती.

आणि घाण! अरे, काय ती घाण! फुटलेले नारळ, त्यांच्या करवंट्यांत साचलेलं पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. कुजलेले खण. कापलेली लिंबं. अगरबत्तीचे पुडे. जावळाचे केस. दहीभाताच्या पत्रावळी, त्यावर काळ्या माश्यांचा थर. आणि प्रत्येक गोष्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाठ मारून, म्हणजे देवीलाही ती सोडवता येऊ नये. मी एका म्हातारीला म्हणालो, "आई, ही पिशवी घरी न्या." ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मीच काही घाण बोललो. "द्येवाला व्हायलेलं माघारी न्हेतात व्हय रं?" नेत नाहीत. टाकतात. आपल्या घरात नको असलेलं सगळं देवाच्या दारात टाकायचं आणि हात जोडायचे. मी दर मंगळवारी एक पोतं भरायचो, पुढच्या मंगळवारी दोन भरायला लागायची. आणि त्या उकिरड्याच्या कडेनं बायकोला चालवायचो, "उचल, उचल" म्हणत.

एका मंगळवारी तिच्या उजव्या पायात बांगडीची काच घुसली. पाणी लाल झालं. मी तिला ओढत काठावर आणलं, बांगड्या वाहणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती मात्र पाय हातात धरून बघत होती. "दुखतंय!" ती म्हणाली. "अहो, लई दुखतंय!" त्या पायाला चटका बसला तरी तिला कळत नव्हतं, आणि आता काच कळली होती. ती हसत होती, रडत होती. मी काच उपटून काढली, रुमाल बांधला आणि बडबडतच राहिलो. तिच्याकडं धड बघितलं नाही. मला ती काच दिसत होती फक्त.

चार दिवसांनी फोन आला. "उस्ताद, साहेबांनी बघितलं." सुभेदार साहेबांचा आवाज उतरला होता. "फाटक बंद. कार्डवाले, वसाहतवाले, कुणीच नाही. तुम्हीसुद्धा नाही. दगड पुन्हा चुन्यानं रंगवायचा हुकूम आहे. उद्या जवान लावतो सफाईला."

"जवानांना लावू नका," मी म्हणालो. "ही घाण आमची आहे. मला शेवटचं एकदा येऊ द्या. मंडळीही येईल."

त्यांनी फोनवर हात ठेवून कुणाला तरी विचारलं. मग म्हणाले, "या."

रिकामी पोती, फावडं, चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन गेलो. तिला खुर्चीवर बसवलं, पहिल्या दगडापाशी. रुमाल नाकाला बांधला आणि लागलो. नारळ उचलला की खालून पाणी गळायचं. एका पिशवीची गाठ सुटली आणि कधीच्या काळची पुरणपोळी माझ्या पायावर पडली, हिरवी, केसाळ, किडे पडलेली. मी बाभळीला धरून भडाभडा ओकलो. तोंड धुतलं आणि मग माझा तोल सुटला.

"या आक्काला आता उंबऱ्यात पाऊल टाकू देणार नाही! तिच्यामुळं झालं सगळं. आधी ती कुंकू लावणारी कोण सटवी होती तिच्यामुळं, आणि मग आक्कामुळं. तुझी चालायची एक जागा होती, तेवढी खाल्ली यांनी! आता कुठं नेऊ तुला? ओढ्यात?"

"आक्कांना नका बोलू," ती म्हणाली.

"का नको?"

"पयलं कुंकू मी लावलं."

मी फावडं टेकवून उभा राहिलो. "कुठल्या दगडाला?"

"त्याच. श्येवटच्या."

"वळणाआडच्या? तिथं तुला कुणी नेलं?"

"कुनी न्हाई. तुमी चहाला जायचा. मी जायची चालत."

"चालत?"

"मग काय उडत?"

मला वाटलं, ती माझी चेष्टा करतेय. पण तिच्या तोंडावर चेष्टा नव्हती. "पयल्याच दिशी बघितलं सात हायत म्हून. बोलले त्यास्नी, पाय उचलू द्या, मी सोता चालत यीन आन् कुंकू लावीन. आधी दुसऱ्या दगडापत्तुर जायची. मग जरा म्होरं. दगड धरून उभं ऱ्हायचं, परत निघायचं. एक दिस पोचले."

"अगं पण माझ्यासमोर तुझा पाय चार पावलं उचलत नाही!"

ती वाळूकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या म्होरं न्हाईच उचलत."

"का?"

"तुमचं त्वांड बघून." आणि तिनं माझं तोंड करून दाखवलं. तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू अजून नीट हलत नव्हती, तरी हुबेहूब केलं. नाक वर, ओठ खाली, कपाळाला आठ्या. "माजा पाय फरपटला का तुमचं असं हुतंय. ओढ्यातल्या त्या गादीकडं बघताना व्हायचं ना, तसंच. मला वाटायचं, आता तुमाला माजी बी किळस यायला लागली."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. म्हणायचं होतं की अगं, ते तोंड तसलंच आहे, गावाला विचार, पंगतीतल्या वाढप्याला विचार. म्हणायचं होतं की तुझा पाय घासला की माझ्या काळजाला घासतं, आणि ते तोंडावर असं उमटतं, मला दुसरं तोंड करता येत नाही.  हातातल्या पोत्यातून काळं पाणी ठिबकत होतं.

पोती भरून झाली. सहा दगड घासून चुन्यानं रंगवले. सातव्याकडं जायच्या आधी तिच्याजवळ गेलो. "त्याच्यावरचं कुंकूही पुसावं लागेल," मी म्हणालो.

"पुसा की. पोचायचं ते लावलं तवाच पोचलं."

"मला दाखवशील? चालून?"

तिनं थोडा विचार केला. "तुमी जावा म्होरं, त्या दगडापाशी. आन् मागं बघायचं न्हाई. मी हाक मारस्तवर न्हाई."

मी बादली उचलून वळणाआड गेलो. सातव्या दगडासमोर उकिडवा बसलो, पाठ तिच्या वाटेकडं, कुंचला हातात. तिचं बोट मी केव्हाच घासून टाकलं होतं आणि त्या जागी लोकांचं कुंकू चढलं होतं, पण ते कुठं होतं हे मला माहीत होतं. टिटवी ओरडली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पाण्याचा आवाज आला. चुळुक. थांबणं. पुन्हा चुळुक. एकदा नुसतं घासल्याचं ऐकू आलं आणि 'उचल' माझ्या घशापर्यंत आलं, मी दात आवळून ते गिळलं. कुंचल्यातून चुना माझ्या गुडघ्यावर गळत होता. आवाज जवळ आला. तिचा श्वास ऐकू यायला लागला, धापा टाकल्यासारखा, आणि मग तो माझ्या पाठीशी येऊन थांबला.

"अहो," ती म्हणाली. "आता बघा."

मी लगेच वळलो नाही. आधी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, कपाळावरच्या आठ्या हातानं मोडल्या, ओठ सरळ केले. मग वळलो.